वर्ग संपल्यानंतरचा योगाभ्यास : दत्तप्रभूंनी अलर्काला दाखवलेली वाट

देवळाच्या सभामंडपात योगवर्ग सुरू होतो तेव्हा पहिल्या आठवड्यात सतरंज्या कमी पडतात. शिक्षक पुढे उभे राहून सांगतात, आपण करतो. हात वर म्हटलं की हात वर, श्वास सोडा म्हटलं की श्वास सोडला. महिन्याभरात अंग मोकळं होतं, झोप बरी लागते, चालताना पाय हलके वाटतात. मग वर्ग संपतो. शिक्षक दुसऱ्या गावी जातात, नाहीतर मंडपात लग्नकार्यं सुरू होतात. आठ-पंधरा दिवस आपण घरी नेटानं करतो. एक दिवस पाहुणे येतात, दुसऱ्या दिवशी जाग येत नाही, तिसऱ्या दिवशी आठवणही होत नाही, आणि सतरंजी माळ्यावर जाते. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं, "पुन्हा वर्ग लागला की येतोच की!"

वर्ग वर्षातून फार तर दोन-तीन महिने. उरलेल्या नऊ महिन्यांत काय करायचं, हा या लेखाचा विषय. साठीच्या पुढच्या माणसाला हा प्रश्न हौसेचा राहत नाही. गुरुचरित्राच्या सप्ताहाला खाली मांडी घालून बसणारे आपल्यातले किती जण आज खुर्चीवर आले, हे आजूबाजूला पाहिलं तरी कळतं. खुर्चीवर बसून वाचण्यात कमीपणा काहीच नाही, महाराज खुर्ची पाहत नाहीत. पण नरसोबाच्या वाडीला घाटाच्या पायऱ्या उतरताना हात धरायला कोणी आहे का हे आधी पाहावं लागतं, प्रदक्षिणा अकराच्या पाच होतात, जमिनीवरून उठताना पलंगाचा कठडा शोधावा लागतो. हे एका दिवसात होत नाही. रोज थोडं थोडं निसटतं, म्हणून लक्षातही येत नाही.

आता दत्तभक्तांच्या मनातली खरी अडचण. आपला संप्रदाय गुरूचा. गुरूवाचून पान हलत नाही असं आपण लहानपणापासून ऐकलेलं. मग शिक्षक समोर नसताना, आपल्याच बुद्धीनं योगाभ्यास करायचा हे बरोबर आहे का? शंका प्रामाणिक आहे. ती बाजूला सारून पुढे जाणं योग्य नाही. उत्तरासाठी दुसरीकडे जायची गरजही नाही. दत्तप्रभूंनी एका गृहस्थाला, तेही राज्य चालवणाऱ्या गृहस्थाला, योग शिकवल्याची कथा मार्कंडेय पुराणात आली आहे.

अलर्काची अंगठी

मदालसा ही राणी. तिने पहिल्या तीन मुलांना पाळण्यातच ब्रह्मज्ञान दिलं, आणि तिघंही विरक्त झाले. चौथा अलर्क. राजा म्हणाला, निदान याला तरी राज्य करू दे. तेव्हा तिने त्याला राजधर्म शिकवला. पुढे वनात जाताना तिने अलर्काला एक अंगठी दिली. आत बारीक अक्षरात लिहिलेला उपदेश होता. फार मोठं संकट आलं तरच उघडून वाच, असं बजावलं.

अलर्क राज्यात रमला. थोरला भाऊ सुबाहू विरक्त, त्याला भावाची दया आली. याला जागं कसं करावं? त्याने काशीच्या राजाला हाताशी धरून अलर्काच्या राज्यावर स्वारी करवली. तिजोरी रिकामी झाली, नगर वेढलं गेलं, तेव्हा अलर्काला अंगठी आठवली. आईनं लिहिलं होतं त्याचा आशय असा, की संग सुटत नसेल तर सज्जनांचा संग धर, आणि इच्छा सुटत नसेल तर मोक्षाची इच्छा धर. मग तो दत्तात्रेयांकडे गेला आणि म्हणाला, माझं दुःख दूर करा.

इथे दत्तप्रभू काय करतात ते पाहण्यासारखं आहे. ते लगेच आसन किंवा मंत्र देत नाहीत. ते उलट विचारतात, हे दुःख कोणाचं? तू कोण? शरीराचं की मनाचं, नीट पाहून सांग. अलर्क विचार करतो आणि हसतो! आपण ज्याला आपलं म्हणत होतो ते आपलं नव्हतंच, हे त्याचं त्यालाच कळतं. त्यानंतर मग योगाचा सविस्तर उपदेश येतो. म्हणजे आधी शिष्यानं स्वतःकडे पाहायचं, मग गुरूनं सांगायचं. आपण वर्गात नेमकं उलटं करतो. सांगितलेलं करतो, पण स्वतःकडे बघायचं राहून जातं. वर्ग संपला की हात रिकामे वाटतात ते त्यामुळे.

उपदेश झाला, अलर्कानं नमस्कार केला आणि तो निघाला. पुढचा अभ्यास त्यानं एकट्यानं केला. शिकवणं एकदा, करणं रोज. अंगठी बोटात होतीच, उघडायला वेळ लागला एवढंच. आपल्या शिक्षकांनी तीन महिन्यांत जे दिलं तेही असंच बोटात असतं.

दुसरी साक्ष भागवताच्या अकराव्या स्कंधातली. नाथमहाराजांनी यावरची टीका काशीला १५७३ साली पूर्ण केली. ती आपल्याकडे घरोघर वाचली जाते, म्हणून चोवीस गुरूंची गोष्ट इथे विस्तारानं सांगत नाही. यदुराजा अवधूताला विचारतो की आपल्याला हा आनंद कुठून मिळाला, आणि अवधूत पृथ्वी, वारा, अजगर, मासा अशी यादी सांगतो. हे गुरू त्यानं आपल्या बुद्धीनं केले, असं तो स्पष्ट सांगतो. त्यातल्या कोणीही अवधूताला समोर बसवून धडा दिला नव्हता. कोळी जाळं विणत होता, बाणकरी बाणाचं टोक सरळ करत होता. शिकणारा जागा होता, म्हणून ते गुरू झाले.

त्यातली कुमारिकेची गोष्ट आपल्या विषयाला फार जवळची. पाहुणे आलेले, ही आत साळी कांडत होती, हातातल्या बांगड्या वाजायला लागल्या. घरची गरिबी बाहेर कळेल म्हणून तिने एकेक बांगडी उतरवली. दोन राहिल्या तरी वाजतच होत्या. हातात एकच उरली तेव्हा आवाज थांबला. वर्गात आपण सगळ्या बांगड्या एकत्र असतो. शेजारचे काका पायाच्या अंगठ्याला हात लावतात, मग आपणही जोर करतो आणि कंबर धरते. "मावशी, तुमचं वय काय हो, आणि काय वाकता!" या कौतुकासाठी माणूस दोन इंच जास्त वाकतो. घरी एकटं करताना हा आवाज बंद होतो. शिक्षक नाहीत हे जसं खरं, तसं शेजारचे काकाही नाहीत, हा केवढा फायदा!

गुरू कुठे हवेतच

तरीही सगळंच एकट्यानं करावं असं नाही, आणि या बाबतीत मी जुन्या मताचा आहे. श्वास रोखून धरायचे प्राणायाम, म्हणजे कुंभक आणि बंध, पुस्तक वाचून करू नयेत. वस्त्रधौतीसारख्या शुद्धिक्रिया, शीर्षासन, सर्वांगासन हेही पाहणारा समोर असल्याशिवाय या वयात सुरू करू नये. कुंडलिनी जागृतीच्या गप्पा तर मोबाइलवर येतील तितक्या येऊ द्याव्यात, आपण त्यांच्या वाटेला जाऊ नये. ते क्षेत्र दीक्षेचं आणि अधिकाराचं. हठप्रदीपिकेतही इशारा आहे, की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवावे लागतात तसाच श्वास, नाहीतर तो साधकावरच उलटतो.

पण उभं राहणं, हात वर घेणं, पाठ ताणणं, सावकाश वळणं, आडवं पडून विसावणं, श्वास शांतपणे घेणं आणि सोडणं, एवढं वर्गात एकदा नीट शिकल्यावर स्वतः करायला काही हरकत नाही. वयाचीही अडचण नाही. दत्तात्रेयांच्या नावावर असलेला योगशास्त्र हा ग्रंथ हठयोगाच्या जुन्या ग्रंथांपैकी एक. त्यात तरुण, म्हातारा, आजारी, कोणीही असो, अभ्यासानं सिद्धी मिळते असा निर्वाळा आहे. नुसता वेष घेऊन आणि बोलून काही होत नाही, हेही त्यात बजावून सांगितलं आहे.

महाराष्ट्रातलं अगदी अलीकडचं उदाहरण द्यायचं तर पुण्याच्या अय्यंगार गुरुजींचं. जन्म १९१८ सालचा, लहानपण आजारपणात गेलेलं. म्हैसूरला मेहुण्यांकडे, म्हणजे कृष्णमाचार्यांकडे, ते थोडा काळ शिकले. १९३७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांना पुण्याला योग शिकवायला पाठवलं. मराठी येत नव्हतं, शिष्य आपल्याहून मोठे आणि धडधाकट, गुरू शेकडो मैल लांब. मग त्यांनी स्वतःच्या शरीरालाच पाठ्यपुस्तक केलं. तासन्‌तास करून पाहायचं, कुठे दुखलं, कुठे मोकळं झालं ते ध्यानात घ्यायचं, चुकलं की पुन्हा करायचं. विटा, खुर्च्या, घोंगड्या, पट्टे यांचा आधार घेऊन आजारी माणसालाही आसन कसं करता येईल, हे त्यांनी दाखवलं. आणि एवढं सगळं स्वतः शोधूनही कृष्णमाचार्यांना ते अखेरपर्यंत गुरूच म्हणत राहिले. दोन्ही गोष्टी एका माणसात राहू शकतात. २०१४ साली, पंच्याण्णवाव्या वर्षी ते गेले. वयाच्या नव्वदीतही त्यांचा अभ्यास सुटला नव्हता.

दत्तप्रभूंचे नियम आणि आपलं घर

अलर्काला योग सांगताना दत्तप्रभूंनी केव्हा आणि कुठे करू नये, हेही सांगितलं आहे. मला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण तो एकट्यानं अभ्यास करणाऱ्यासाठीच सांगितल्यासारखा आहे. पोट फुगलेलं असताना करू नये, भूक लागलेली असताना करू नये, दमलेलं असताना करू नये, मन अस्वस्थ असताना करू नये. फार थंडीत नको, फार उन्हात नको, सोसाट्याच्या वाऱ्यात नको. गोंगाट, विस्तवाची किंवा पाण्याची जवळीक, जुना गोठा, चव्हाटा, पाचोळ्याचा ढीग, विहिरीचा काठ, जिथे भीती वाटते किंवा साप-किरडाचं भय आहे, अशा जागा टाळाव्यात. हे न पाळता हट्टानं केलं तर बहिरेपणा, जडपणा, विसर, ताप असे त्रास होतात, असंही पुढे सांगितलं आहे.

आपल्या घरी गोठा नाही, पण दिवाणखान्यात टीव्ही चालू असतो, तो चव्हाटाच. न्हाणीघराच्या दाराशी ओली फरशी असते, ती विहिरीचा काठ समजावी. गुळगुळीत फरशीवर नुसती सतरंजी सरकते, म्हणून खाली न सरकणारी चटई किंवा जाड घोंगडी घ्यावी. पायात मोजे नकोत. भिंतीलगतची साडेतीन हात जागा आणि एक पक्की, चाकं नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली की आपली सोय झाली. जागा रोज तीच असावी. देवघर जवळ असेल तर उत्तम, पण देवाकडे पाय होतात म्हणून अवघडून बसण्यापेक्षा दुसरी खोली बरी.

वेळेबद्दल थोडं. पहाटे चारला उठून करण्याचा हट्ट सगळ्यांनी धरू नये. मार्गशीर्षात, पौषात थंडी असते. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी आणि छातीचं दुखणं असणाऱ्यांनी अंग गरम झाल्यावर, ऊन जरा वर आल्यावर करावं. फार थंडीत नको, हे खुद्द दत्तप्रभूंचं सांगणं आहे, तेव्हा अपराधी वाटायचं कारण नाही. पोट रिकामं हवं, पण भूक लागलेली नको. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी किती वेळ राहायचं, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. चतुर्थी, एकादशीच्या दिवशी तर नक्कीच.

मन अस्वस्थ असताना करू नये, हा नियम मात्र जरा समजून घ्यायला हवा. घरात वाद झाला म्हणून अभ्यास सोडायचा, असं केलं तर वर्षाचे निम्मे दिवस सुटतील! माझी समजूत अशी, की त्या दिवशी जोराचं काही करू नये. आडवं पडून श्वासाकडे पाहावं, दहा मिनिटं.

काय करावं, किती करावं

वर्गात शिकलेली तीस आसनं घरी रोज करायची नसतात. त्यातली सहा-सात निवडावीत, पंचवीस मिनिटांत होतील एवढीच. निवडताना हे पाहावं, की उभं राहणं, बसणं-उठणं, पाठीला थोडा मागचा ताण, थोडं वळणं आणि विसावा यातलं काही राहू नये. बहुतेकांना चालेल असा एक क्रम सांगतो.

आधी भिंतीला पाठ लावून ताडासन, टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे. दोन्ही पायांवर सारखं वजन आहे का, एवढंच बघायचं. मग श्वास घेत हात वर, सोडत खाली, पाच वेळा. त्यानंतर खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, आठ-दहा वेळा. याला वर्गात आसनाचं नाव मिळत नाही म्हणून लोक हसतात, पण म्हातारपणी मांड्यांची ताकद टिकवायला याच्यासारखं सोपं दुसरं नाही. पुढे भिंतीचा एक हात आधार घेऊन एका पायावर उभं राहणं, म्हणजे आपलं वृक्षासन. उचललेला पाय दुसऱ्या पायाच्या घोट्याशी ठेवला तरी पुरे. मग उभ्यानंच सावकाश कमरेतून वळणं. जमिनीवर बसता-उठता येत असेल त्यांनी चार पायांवर येऊन मार्जरासन, पालथं पडून कोपरं टेकवून छोटं भुजंगासन, उताणं होऊन सेतुबंध आणि एकेका पायानं पवनमुक्तासन करावं. ज्यांना जमिनीवर जाणं जड आहे त्यांनी मार्जरासनातली पाठीची हालचाल खुर्चीत बसून करावी, बाकीचं पलंगावर. शेवटी शवासन, पाच मिनिटं तरी. घाई असली तर आसनं कमी करावीत, शवासन कापू नये.

जमिनीवरून उठणं हाही अभ्यासच समजावा. कुशीवर वळायचं, हात टेकायचे, गुडघ्यावर यायचं, खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवून उभं राहायचं. रोज एकदा हे केलं तर सप्ताहाला पाटावर बसायची भीती कमी होते.

काहींना काही गोष्टी वर्ज्य आहेत. काचबिंदू असणाऱ्यांनी आणि रक्तदाब आटोक्यात नसणाऱ्यांनी डोकं हृदयाच्या खाली जाईल असं काही करू नये, श्वास रोखू नये. हाडं ठिसूळ झाली आहेत असं निदान झालेल्यांनी पाठ गोल करून खोल पुढे वाकू नये, जोरानं पिळही घेऊ नये. गुडघा बदललेल्यांनी वज्रासन आणि मांडीचा हट्ट सोडावा. मान गोल गोल फिरवणं चक्कर येणाऱ्यांनी टाळावं. मोतीबिंदूचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबावं.

स्वतःकडे पाहण्याची रीत

शिक्षक नसताना चुकलं हे कळणार कसं? तीन खुणा सांगतो.

पहिली खूण श्वासाची. आसनात श्वास अडकला, तोंडानं घ्यावा लागला, किंवा आपोआप रोखला गेला, तर आपण हद्द ओलांडली. तिथून थोडं मागे यायचं. दुसरी खूण चेहऱ्याची. दात आवळलेत का, कपाळाला आठ्या आहेत का? पतंजलींनी आसन स्थिर आणि सुखाचं असावं असं म्हटलं, आणि प्रयत्न सैल सोडल्यानं ते साधतं असंही लगेच सांगितलं. आवळलेल्या दातांनी स्थिर झालेलं आसन या व्याख्येत बसत नाही. तिसरी खूण दुसऱ्या दिवशीची. मांडीत, पोटरीत सर्वत्र पसरलेला बोथट ठणका असेल आणि चालल्यावर तो कमी होत असेल, तर काळजी नाही. सांध्यात एका ठिकाणी टोचणारं, सुई घुसल्यासारखं, किंवा पायात खाली उतरत जाणारं दुखणं असेल, तर ते आसन बंद.

एक साधी वही ठेवावी. जपाची वही आपण लिहितोच, तशीच ही. तारीख, तिथी, काय केलं, आणि एक ओळ. "आज डाव्या पायावर तोल राहिला नाही." "सेतुबंधात मान आखडली." "रात्री झोप चांगली." एवढंच. महिन्यानंतर मागची पानं वाचली की आपलं शरीर आपल्याशी काय बोलतंय ते दिसायला लागतं. डावा पाय रोजच ढळतो की अमावास्येच्या जागरणानंतरच ढळतो, हे वर्गात कोणी सांगू शकलं नसतं.

वाढ कशी करावी याचाही दृष्टान्त अलर्काच्या उपदेशात आहे. घराच्या पायऱ्या चढाव्यात तशी एकेक भूमी जिंकत वर जावं. न जिंकलेल्या भूमीवर पाय ठेवला तर दोष, रोग आणि मोह वाढतात. व्यवहारात याचा अर्थ असा, की पंधरा दिवसांत एकच गोष्ट वाढवायची. आज वृक्षासनात दहा श्वास उभं राहता येतं ना? मग भिंतीवरचा तळवा काढून बोटं ठेवा. त्याच दिवशी भुजंगासनही वाढवायचं नाही. दुखलं तर कशानं दुखलं, ते कळणार नाही.

मोबाइलवर रोज येणाऱ्या चित्रफितींचंही इथेच सांगतो. अवधूतानं मधमाशीकडून दोन धडे घेतले. लहान-मोठ्या सगळ्या फुलांतून थोडं थोडं सार घ्यावं, हा एक. साठा करू नये, साठ्यापायी माशी नाश पावते, हा दुसरा. आपण पहिला विसरतो आणि दुसऱ्याच्या उलट वागतो. दीडशे चित्रफिती साठवलेल्या, केलेली एकही नाही!

थरथर आणि गिरनार

उभ्या आसनांत पुष्कळांचे पाय थरथरतात, आणि ते लाजून सोडून देतात. योगाभ्यासात उद्भवणाऱ्या त्रासांवरचे उपायही दत्तप्रभूंनी अलर्काला सांगितले आहेत. कंप सुटला तर स्थिर असा महान पर्वत मनात धरावा, हा त्यातला एक. दत्तभक्ताला पर्वत शोधायला नको, गिरनार डोळ्यांसमोर आहेच. जवळजवळ दहा हजार पायऱ्यांचा तो पहाड, वर पादुका. वृक्षासनात समोरच्या भिंतीवर एका जागी नजर ठेवावी आणि पावलांखाली गिरनार आहे असं मनात आणावं. करून पाहा. नजर एका जागी थांबली की तोल सावरतो, आणि मन पर्वतावर लागलं की पडण्याची भीती मागे हटते. मात्र हात किंवा पाय अभ्यासाशिवाय एरवीही नव्यानं थरथरू लागले असतील, तर त्याला पर्वताचं ध्यान हा उपाय नाही, तपासून घ्यावं.

श्वासाविषयीचा एक दृष्टान्त असाच सुंदर आहे. तहानलेला माणूस कमळाच्या देठातून पाणी ओढतो तसा वारा सावकाश प्यावा. तहान लागली तरी देठातून घटाघट पिता येत नाही. शवासनानंतर ताठ बसून, खुर्चीवर चालेल, नाकानं असा बारीक श्वास घ्यावा आणि त्याहून थोडा जास्त वेळ लावून सोडावा. मोजायचं झालं तर मनात "दत्त" म्हणत, तीन वेळा आत, चार-पाच वेळा बाहेर. पुराणात प्राणायामाच्या बारा, चोवीस, छत्तीस मात्रा सांगितल्या आहेत. पापणी मिटून उघडायला लागतो तेवढा काळ म्हणजे एक मात्रा. ती संख्या गाठायची म्हणून छाती कोंडू नये. पाच मिनिटांत श्वास आपसूक बारीक होतो, तेवढं पुरे.

खंड पडला तर

पडणारच. लग्न, प्रवास, ताप, घरातलं आजारपण. पतंजलींनी अभ्यास दीर्घकाळ, अखंड आणि आदरानं करावा असं सांगितलं, आणि अंतरायांच्या यादीत व्याधीला पहिलं स्थान दिलं. आजार आडवा येतो हे त्यांनाही ठाऊक होतं. आजारातून उठल्यावर जिथे सोडलं तिथून सुरू करू नये. निम्म्यावर यावं, आठवडाभर थांबावं, मग चढावं. प्रवासात खुर्चीवरून उठणं-बसणं आणि श्वास, एवढं कुठेही होतं. सोयर-सुतकात अभ्यास करावा का, असं विचारतात. देवपूजा बंद असते ते खरं, पण शरीराची निगा राखायला माझ्या मते बाध नाही. आंघोळ आपण करतोच की!

उलट टोकही आहे. हठप्रदीपिकेत योग बिघडवणाऱ्या सहा गोष्टींत अतिआहार, अतिश्रम, बडबड यांच्याबरोबर नियमाग्रहही आला आहे. अंगात ताप असताना "माझा नेम मोडत नाही" म्हणून थंड पाण्यानं आंघोळ करून आसनं करणारे गृहस्थ आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. तो नेम नव्हे. त्या दिवशी वहीत "ताप, विश्रांती" एवढं लिहिलं की नेम झाला.

पुन्हा शिक्षकांकडे

घरी अभ्यास सुरू झाला म्हणून शिक्षकांशी नातं संपत नाही. उलट आता विचारायला काहीतरी असतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा वही घेऊन जावं आणि रोजचा क्रम त्यांच्यासमोर करून दाखवावा. "सर, मी हे असं करतो, कुठे चुकतंय ते बघा." खांदा वर उचललेला आहे, गुडघा आत वळतो आहे, हे आपल्याला दिसत नाही, त्यांना क्षणात दिसतं. वर्षभर वर्गात शेवटच्या रांगेत उभं राहून जे मिळत नाही, ते अशा अर्ध्या तासात मिळतं. छातीत दुखणं, धाप, घाम सुटून घाबरं होणं, हातापायाला एकाएकी मुंग्या किंवा बधिरपणा, बोलताना जीभ अडखळणं, यांसाठी मात्र शिक्षकांची वाट पाहू नये. अभ्यास तिथेच थांबवून घरच्यांना हाक मारावी आणि दवाखाना गाठावा.

दत्तजयंतीच्या गडबडीत, पाळणा, कीर्तन, महाप्रसाद यांत कोणाला वेळ होणार नाही. दुसऱ्या दिवशी, मार्गशीर्ष वद्य प्रतिपदेला, माळ्यावरची सतरंजी काढून उन्हात टाकावी. वहीच्या पहिल्या पानावर "श्री" घालून तीन गोष्टी लिहाव्यात. खुर्चीवरून हात न टेकता सलग किती वेळा उठता आलं, भिंतीला बोट लावून एका पायावर किती श्वास उभं राहता आलं, आणि जमिनीवरून उठायला कशाचा आधार लागला. पुढच्या महिन्यात वद्य प्रतिपदेला तेच तीन पुन्हा लिहावेत.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥